झाकण कुणी ठेवलं होतं?

नोकरीच्या शेवटच्या वर्षातली गोष्ट. आमच्या कंपनीने एका शनिवारी दुपारनंतर मशिनं थांबवली आणि कॅन्टीनच्या वरच्या हॉलमध्ये सगळ्यांना बसवलं. कंपनी रबाळ्याच्या एमआयडीसीतली, ना फार मोठी ना लहान. मी हिशेब खात्यात होते. मशिनं तासभर थांबली की किती रुपये जातात हे मला तोंडपाठ होतं, त्यामुळे कार्यक्रम केवढा महत्त्वाचा असेल याचा अंदाज मी त्यावरूनच बांधला. फलकावर लिहिलं होतं, 'मानसिकता बदला, मर्यादा ओलांडा'.

वक्ता तरुण होता, बोलण्यात तयार होता. त्याने पिसवांची गोष्ट सांगितली. बाटलीत पिसवा सोडल्या, वर झाकण लावलं. उडी मारली की डोकं आपटायचं. तीन दिवसांनी झाकण काढलं, तरी पिसवा तेवढीच उडी मारत राहिल्या. "झाकण आता बाटलीवर नाही, तुमच्या डोक्यात आहे," असं म्हणून तो थांबला. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. गोष्ट बरी होती.

मागच्या रांगेतून पॅकिंगचा एक माणूस उठला. ठेकेदाराचा माणूस, पण कंपनीत 11 वर्षं. "सर, झाकण कुणी ठेवलं होतं?"

हॉल हसला. वक्ताही हसला, प्रश्न छान आहे म्हणाला, पण आज आपण उपायांबद्दल बोलतोय म्हणाला. मग समोसा आणि चहा झाला. हा हसण्यासारखा प्रश्न नव्हता हे त्या हॉलमध्ये निदान दोघांना माहीत होतं, विचारणाऱ्याला आणि मला. सुपरवायझरच्या जागेसाठी अंतर्गत परीक्षा व्हायची आणि तिला फक्त कायम कामगार बसू शकत. ते परिपत्रक माझ्याच फायलीत होतं. झाकण ठेवणारे पहिल्या रांगेत बसले होते, आणि कार्यक्रमाचं बिल सोमवारी माझ्याच टेबलावर येणार होतं.

'मानसिकता' हा शब्द हल्ली हिंगासारखा झालाय, कुठल्याही फोडणीत चिमूटभर चालतो. नोकरी नाही? मानसिकता. मराठी माणूस धंद्यात मागे? मानसिकता. गर्दीच्या लोकलमधून कोणी पडला तर तीही घाईची मानसिकता. सोसायटीच्या वर्धापनदिनाला, महिला मंडळाच्या हळदीकुंकवाला, दहावीच्या मुलांच्या निरोपसमारंभाला आता एक तरी वक्ता असतोच, आणि तो सगळ्यांना सांगतो की तुमच्या मर्यादा तुम्हीच घालून घेतल्या आहेत.

मला हे अर्धंच पटतं. ज्यांना आपण स्वतः घालून घेतलेल्या मर्यादा म्हणतो, त्यातल्या बहुतेक कधीकाळी खऱ्या होत्या. बाहेरून आलेल्या होत्या. पुढे त्यातल्या काही उठल्या, काही अजून जागच्या जागी आहेत. कुठली उठली आणि कुठली नाही, हे घरात बसून डोळे मिटून कळत नाही. जाऊन धडक द्यावी लागते. आणि धडक देऊन बघायची ऐपत सगळ्यांची सारखी नसते.

आमच्या बाबांचंच बघा. आम्ही तेव्हा ठाण्यात, नौपाड्यात दोन खोल्यांत राहत होतो. बाबा फोर्टमध्ये सरकारी नोकरीत. 1978च्या सुमाराला ऑफिसातल्या एका मित्राने नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोचा वाशीच्या घराचा फॉर्म भरला आणि बाबांनाही एक आणून दिला. बाबांनी तो दोन दिवस कपाटावर ठेवला, मग परत केला. "खाडीपलीकडे कोण जाणार?"

आमच्या नातेवाइकांत हा किस्सा बाबांच्या भित्रेपणाचा म्हणून सांगितला जातो. त्या घराची आजची किंमत काढून हळहळायचं, ही त्यातली ठरलेली पायरी. पण 1978 साली बाबा चुकले नव्हते. खाडीपलीकडे शहर वसवायचं स्वप्न वास्तुविशारद चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल यांनी 1965 सालीच मांडलं होतं. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली. 1973 मध्ये खाडीवर पूल झाला. पण लोकल गाडी खाडीअलीकडच्या मानखुर्दलाच संपत होती. ज्या माणसाला दहाच्या आत हजेरीपटावर सही करायची आहे, ज्याचा पगार महिन्याच्या 25 तारखेलाच संपतो, त्याने गाडी नसलेल्या ठिकाणी घर घ्यावं का? बाबांनी हिशेब केला आणि उत्तर नाही असं आलं. तो हिशेब मी आजही तपासून बघितला तर बरोबरच येईल.

1992च्या मे महिन्यात मानखुर्दची गाडी पूल ओलांडून वाशीला पोहोचली. तेव्हा बाबांची नोकरी चार वर्षं राहिली होती, हातात थोडे पैसेही होते. धाकट्या काकांनी पुन्हा वाशीचा विषय काढला. बाबा म्हणाले, "खाडीपलीकडे कोण जाणार?" तेच वाक्य, तोच सूर. चौदा वर्षांपूर्वी त्या वाक्याच्या मागे हिशेब होता, आता नुसतं वाक्य उरलं होतं. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण मला शहाणपणाची वाटते. गंमत एवढीच की आपण अंथरूण एकदा मोजतो आणि पुढे जन्मभर फक्त पायच आखडत बसतो.

शेवटी 2004च्या नोव्हेंबरात ठाण्याहून थेट वाशीची गाडी सुरू झाली. सुरू झाल्यावर महिन्याभरात मी बाबांना अक्षरशः हाताला धरून नेलं. तोवर माझं लग्न होऊन मी ऐरोलीला आले होते, आणि 'एवढ्या लांब' म्हणून ते वर्षातून दोनदाच यायचे. खिडकीशी बसले, ऐरोली गेलं, घणसोली गेलं, कोपरखैरणे गेलं. वाशीला उतरून त्यांनी स्टेशनवरच्या त्या प्रचंड इमारतीकडे मान वर करून बघितलं, आणि पहिला प्रश्न काय विचारावा? "इथे जागेला काय भाव चाललाय?" वय 66.

हे मी उगाच सांगत नाही. 1967 साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. (क्रूर होते, हेही सांगून टाकते.) ज्या कुत्र्यांना आधी काही केल्या न चुकणारे विजेचे झटके दिले, त्यातली बरीचशी पुढे नुसता बुटका आडोसा ओलांडून सुटका होत असतानाही पडून राहिली. याला त्यांनी शिकलेली हतबलता असं नाव दिलं, आणि पिसवांच्या गोष्टीला जणू शास्त्राचा शिक्का मिळाला. पण वक्ते दोन गोष्टी सांगत नाहीत. एक म्हणजे, त्या कुत्र्यांना पलीकडून खाणं दाखवलं, हाका मारल्या, तरी ती उठली नाहीत. गळ्यात पट्टा बांधून त्यांना पुन्हा पुन्हा आडोशापलीकडे ओढत न्यावं लागलं, तेव्हा कुठे ती आपण होऊन उडी मारू लागली. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. जवळपास 50 वर्षांनी, 2016 साली, याच दोघांनी मेंदूवरच्या नव्या संशोधनाच्या आधारे लिहिलं की आपला मूळ निष्कर्ष उलटा होता. लांबलेल्या त्रासापुढे निपचित पडणं ही सजीवाची मुळातली प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावं लागतं ते हे, की 'आपल्या हातात काहीतरी आहे'. आणि ते कळतं खरोखर काहीतरी हातात आल्यावर.

पन्नास वर्षं ज्या सिद्धांतावर नाव झालं तो उलटा होता असं छापून सांगणं, याला म्हणतात मानसिकता बदलणं. असो.

दुसरी लाडकी गोष्ट धावपटू रॉजर बॅनिस्टरची. 6 मे 1954 रोजी ऑक्सफर्डला त्याने 3 मिनिटं 59.4 सेकंदांत मैल धावून दाखवला. त्याआधी चार मिनिटांची भिंत अभेद्य समजली जायची, आणि ती मनातली भिंत पडल्याबरोबर वर्षभरात डझनावारी लोकांनी तो विक्रम केला, असं आमच्या हॉलमध्येही सांगितलं गेलं. डझनावारी वगैरे काही नाही. 46 दिवसांनी जॉन लँडीने फिनलंडमध्ये तो पराक्रम केला, आणि 1955 मध्ये एकाच शर्यतीत आणखी तिघांनी. म्हणजे पहिल्या वर्ष-सव्वा वर्षात सगळे मिळून पाच. यात मला जास्त आवडणारा भाग वेगळाच आहे. बॅनिस्टर एकटा धावला नव्हता. ख्रिस ब्रॅशर आणि ख्रिस चॅटवे हे त्याचे दोन मित्र आळीपाळीने पुढे राहून वेग धरून देत होते. लँडी ज्या शर्यतीत जिंकला, तिथेही त्याच्या पाठीशी हाच चॅटवे लागला होता. आणि 1955च्या त्या तिघांत एक पुन्हा चॅटवेच! भिंत मनातली असेलही, पण ती ओलांडताना एक माणूस सारखा आजूबाजूला धावतोय, हे गोष्टीतून का गळावं?

निवृत्तीनंतर मी ऐरोलीत संध्याकाळी बायकांना दहावीचं गणित शिकवते. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसणाऱ्या बायका. सध्या 14 जणी आहेत. कोणी घरकाम करते, कोणी आयटी पार्कात हाउसकीपिंगला, एक दिवागावची मासळी विकणारी, एकीचं पोळीभाजी केंद्र. पहिल्या दिवशी प्रत्येकीचं वाक्य एकच असतं. "बाई, मला बाकी सगळं येईल, गणित नाही जमणार."

पोळीभाजी केंद्रवाल्या वहिनी याच चालीवर बोलल्या होत्या. एकीकडे म्हणतात गणित जमत नाही, आणि दुसरीकडे कणकेचा कट्टा 40 रुपयांनी महागला तर पोळीमागे किती पैसे पडतात हे चहा गाळता गाळता सांगतात. मी 'अंकगणिती श्रेढी' हा धडा काढला तेव्हा त्या नाव ऐकूनच मागे सरकल्या. मग मी पुस्तक मिटलं. वहिनी भिशी चालवतात. मी विचारलं, पहिल्या महिन्याला 500, मग दर महिन्याला 50 वाढवून 12 महिने भरायचे, तर वर्षाचे किती? त्यांनी क्षणभर छताकडे बघितलं. "पहिला नि शेवटचा धरला तर पाचशे आणि एक हजार पन्नास, म्हणजे साडेपंधराशे. दुसरा नि अकरावा धरला तरी साडेपंधराशेच. अशा सहा जोड्या. नऊ हजार तीनशे."

पुस्तकातलं सूत्र हेच आहे. अक्षरं घालून लिहिलंय एवढंच. मी फळ्यावर सूत्र लिहून त्यांच्या सहा जोड्या त्यात दाखवल्या, तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मग मला नववीत नापास का केलं?" मला उत्तर देता आलं नाही. त्यांच्या डोक्यातलं 'मला जमत नाही' हे त्यांनी घरी बसून तयार केलं नव्हतं. नववीच्या प्रगतिपुस्तकात लाल शाईने लिहून दिलेलं होतं, आणि त्याच्या जोरावर त्यांची शाळा सुटली होती. काही वर्षांपूर्वी आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर 'नापास' लिहायचं बंद करून 'कौशल्य विकासास पात्र' असं छापू लागले. हेतू चांगला असेल. पण लाल शाई निळी केल्याने धडा समजत नाही.

या बायकांची मानसिकता बदलायला मला फारसं काही करावं लागत नाही. एक गणित सुटलं की ती बदलते. त्रास होतो तो दाखल्याचा. सतरा नंबरच्या फॉर्मला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. शाळा जालन्यात नाहीतर बीडमध्ये, दाखला वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हरवलेला. दुसरी प्रत काढायला गावी जायचं म्हणजे दोन दिवसांची रोजी बुडाली, गाडीभाडं वेगळं. गेल्यावर कळतं की दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि जन्मतारखेत दोन वर्षांचा फरक. मग प्रतिज्ञापत्र, मग नोटरी. हाउसकीपिंगवाल्या ताईंना सुपरवायझर व्हायचंय, कामही त्याच करतात, पण जागेला दहावी पासची अट आहे. त्यांनी दाखल्यासाठी तीन फेऱ्या मारल्या. ज्या बाईने तीन फेऱ्या मारल्या तिला कोणी स्वतःवर विश्वास ठेवायला सांगू लागला, तर मी त्याला बसायला खुर्ची देणार नाही.

दिघ्याचं उदाहरण तर माझ्या डोळ्यांसमोर घडलं. ठाणे-वाशी मार्गावरचं दिघा गाव स्टेशन बांधून तयार होतं, रंग मारून झालं होतं, आणि तरीही कित्येक महिने गाड्या तिथे न थांबता पुढे जात होत्या, कारण उद्घाटन व्हायचं होतं. 12 जानेवारी 2024 रोजी ते एकदाचं सुरू झालं. त्याआधी दिघ्याच्या दोनच बायका माझ्याकडे येत, ठाणे-बेलापूर रस्त्यावर शेअर रिक्षाची वाट बघत. रात्री परतताना रिक्षा मिळाली नाही की एकीचा नवरा चिडायचा आणि पुढचा आठवडा ती गायब. स्टेशन सुरू झालं, ऐरोली एका स्टेशनावर आलं, आणि दोन महिन्यांत दिघ्याच्या सहा जणी झाल्या. मी या काळात एकही प्रेरणादायी वाक्य उच्चारलं नव्हतं.

पण सगळं इथेच संपत नाही. दिघ्यातच, स्टेशनपासून पाच मिनिटांवर राहणाऱ्या एक बाई आहेत. दाखला हातात आहे, मुलं मोठी झाली, नवऱ्याची ना नाही, फॉर्मची फी कोणीतरी भरायला तयार होतं. त्या आल्या नाहीत. मी दोनदा घरी गेले. "आता काय करायचंय शिकून?" एवढंच. तिथे मला बाबा दिसले, 1992चे. रूळ टाकून झालेत, गाडी दारात थांबतेय, आणि माणूस बसत नाहीये. मनाचा भाग असतोच. तो नाकारला तर मी त्या वक्त्याइतकीच अर्धवट बोलेन. माझं म्हणणं फक्त क्रमाचं आहे. आधी रूळ, मग गाडी, मग हाताला धरणारं कोणीतरी. इतकं करूनही जो उठत नाही त्याच्याशी मनाबद्दल बोला. आपण उलट्या टोकापासून सुरुवात करतो, कारण ते टोक स्वस्त आहे.

या विषयातलं सगळ्यात गाजलेलं नाव स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांचं. बुद्धी म्हणजे जन्मतः मिळालेला ठोकळा नाही, ती सरावाने वाढते, हे मुलांना पटलं तर मुलं अधिक टिकून अभ्यास करतात, असं त्या सांगत आल्या. ही कल्पना आपल्याकडे फार पोहोचली, त्यामागची मोजणी फारशी पोहोचली नाही. 2019 साली डेव्हिड येगर, ड्वेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या 65 सरकारी शाळांत नववीच्या 12,000हून अधिक मुलांवर केलेली चाचणी 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात आली. तासाभराहूनही कमी वेळाचा ऑनलाइन पाठ. मागे पडलेल्या मुलांचे गुण त्याने वाढले, पण 4.3 पर्यंतच्या त्यांच्या गुणश्रेणीत साधारण 0.1 इतके. एका तासाच्या खर्चात हे वाईट नाही, मी हिशेब खात्यातली आहे, मला ते समजतं. मात्र त्याच अभ्यासातली पुढची गोष्ट अशी की फायदा सगळीकडे सारखा झाला नाही. जिथे वर्गातली बाकीची मुलंही अवघड गणिताला हात घालत होती, त्या शाळांत गुण वाढले. जिथे तसं वातावरण नव्हतं, तिथे तोच पाठ, तीच वाक्यं, आणि परिणाम जवळपास नाही. बी एकच, जमीन वेगळी. शेतकऱ्याला हे सांगायला 12,000 मुलं लागली नसती.

आपल्याच ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात 8 मार्च 2016 रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. योगेंद्र बांगर हे तिथले जिल्हा परिषदेचे शिक्षक, त्यांची कल्पना. साठीच्या पुढच्या, काही नव्वदीला टेकलेल्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, पाठीला दप्तर लावून अंगठ्याऐवजी सही शिकायला निघाल्या. त्यांचे फोटो जगभर गेले आणि खाली सगळ्यांनी 'इच्छा तिथे मार्ग' असं लिहिलं. मला त्या फोटोत इच्छेपेक्षा साडी जास्त बोलकी वाटते. एकटी आजी पाटी घेऊन निघाली असती तर गावाने तिला म्हातारचळ म्हटलं असतं. एका रंगाच्या साड्या नेसून पंचवीस-तीस जणी निघाल्या की ती शाळा होते. चार लोक काय म्हणतील, ही भीती मोडायचा उपाय भीती न बाळगणं हा नाही. आपण चाराचे चाळीस व्हायचं.

आणि आता ज्यांना मानसिकता बदला असं सगळ्यात जास्त वेळा ऐकवलं गेलं त्यांच्याबद्दल. कोरिया-मेहता-पटेलांच्या नकाशावर जी जागा मोकळी दिसत होती ती मोकळी नव्हती. तिथे 95 गावं होती, मिठागरं होती, भातखाचरं होती, खाडीत जाळी लागत होती. मी जिथे राहते तो सेक्टरही कोणाचं तरी शेत होता. जमिनी गेल्या, मोबदला तुटपुंजा मिळाला, आणि मग आगरी-कोळ्यांना सांगितलं गेलं की तुम्हाला नव्या शहराशी जुळवून घेता येत नाही, तुमची मानसिकता जुनी आहे. आमच्या नातेवाइकांतही हे वाक्य मी जेवणाच्या पानावर ऐकलंय, वाशीचं घर न घेतल्याबद्दल हळहळणाऱ्यांच्याच तोंडून. या लोकांनी मन बदलून वाट बघत बसायचं नाकारलं. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली ते रस्त्यावर आले. जानेवारी 1984 मध्ये जासई-नवघर परिसरात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्यानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व सरकारला मान्य करावं लागलं. नवी शक्यता अशी निर्माण झाली. स्वतःचा विचार बदलून नव्हे, समोरच्याला बदलायला लावून. त्या साडेबारा टक्क्यांचं पुढे काय झालं, कोणी बंगले बांधले, कोणाचे भूखंड दलालांच्या घशात गेले, हा वेगळा आणि लांबचा विषय आहे. पण पिसवांच्या गोष्टीत एक शेवट असाही असायला हवा, ज्यात पिसवा मिळून झाकण ढकलतात.

मला विचारतात, मग काय, सगळं सरकारनेच करायचं? माणसाने काहीच नाही? माझ्या वर्गातल्या बायका पहाटे साडेचारला उठतात. त्यांनी आणखी काय करायचं ते विचारणाऱ्याने सांगावं. सरकारकडे मी मागते ते फार थोडं आहे. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांच्या शाळांच्या इमारती आहेत. बाकं आहेत, फळे आहेत, पंखे आहेत, बायकांसाठी स्वच्छतागृह आहे. संध्याकाळी त्यांना कुलूप असतं. प्रत्येक प्रभागात निदान एका शाळेतले दोन वर्ग रात्री नऊपर्यंत उघडे राहिले, आणि दाखल्यांची कामं करून देणारा एक माणूस आठवड्यातून दोन दिवस तिथे बसला, तर मी मानसिकतेवरची सगळी भाषणं मुकाट्याने ऐकेन. केंद्राच्या साक्षरता कार्यक्रमाचं नाव 'उल्लास' आहे, तोही स्वयंसेवकांच्या बळावर चालतो. स्वयंसेवक मिळतात हो. आम्ही निवृत्त मंडळी ऐरोलीच्या प्रत्येक बाकावर बसलेलो आहोत. खोली मिळत नाही.

याच कामासाठी जूनमध्ये मी आमच्या भागातल्या एका शाळेत गेले होते. कार्यालयातल्या लिपिकाने नीट ऐकून घेतलं, खुर्ची दिली.

"मॅडम, सहानंतर वर्ग उघडत नाहीत."

"नियम कुठला आहे?"

त्यांनी कपाटाकडे बघितलं, मग समोरच्या शिपायाकडे. शिपायाने मान हलवली.

"तसा लेखी नियम नाही. पण आजवर कुणी मागितलेलाच नाही."

हे बोलून ते स्वतःच जरा चपापले. मग त्यांनी अर्ज घेतला, शिक्का मारला, आवक क्रमांक दिला. म्हणाले वर पाठवतो. त्याला पाच महिने झाले. मी दर पंधरा दिवसांनी जाते, ते दर वेळी खुर्ची देतात, आता चहाही सांगतात.

तोवर वर्ग आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ट्यूबलाइटखाली चालतो. वहिनींची गाडी आता वर्गसमीकरणांवर आली आहे. सव्वाआठला तिसऱ्या मजल्यावरचे काका स्कूटर घेऊन येतात. 14 जणी उठतात, चटया गोळा करतात, काकांची स्कूटर भिंतीला लागली की पुन्हा बसतात.